इतर औषधे : नाही

दवाखान्यात नाव नोंदवताना एक फॉर्म भरून घेतात. त्यात खालून तिसरी ओळ असते, 'सध्या चालू असलेली इतर औषधे'. गरोदरपणात मी त्या ओळीपुढे तीन वेळा 'नाही' लिहिलं. तिन्ही वेळा खोटं लिहिलं.

गंमत म्हणजे फॉर्म भरणं हाच माझा धंदा आहे. असोद्याला आमच्या घराच्या ओट्याला लागून माझं सेवा केंद्र आहे. उत्पन्नाचे दाखले, आधार, पीक विमा, सगळं तिथे होतं. रोज पंधरा-वीस माणसांना मी दटावत असते, "खरं सांगा बरं, खाली सही तुमची आहे." एका आजोबांना तर जन्मसाल चुकवलं म्हणून मी परत घरी पाठवलं होतं. तीच मी.

दमा असलेल्या आणि दिवस गेलेल्या बायकांसाठी हे लिहितेय. दम्याचं आणि साखरेचं काय नातं, ते डॉक्टर सांगतील, त्यांना नीट सांगता येतं. मी काय केलं तेवढंच मी सांगते.

पंप

दमा मला चौथीपासून. माहेर बोदवड. माझे वडील, आबा, एसटीत कंडक्टर होते. दम लागला की मला आडवं होता यायचं नाही. मग आबा भिंतीला टेकून बसायचे आणि मी त्यांच्या छातीला पाठ टेकून. मी कधी झोपले ते मला कळायचं नाही, त्यांना कळायचं. सकाळी ते तसेच खाकी चढवून ड्यूटीला. माझ्या श्वासाचा हिशोब आबांकडे असायचा. घरात शिट्टीसारखा बारीक आवाज आला की सगळ्यांच्या आधी तेच मान वर करायचे.

आई आता भावाकडे सुरतेला असते, त्याची लेकरं सांभाळायला. आबा बोदवडला एकटे.

पुढे तोंडाने ओढायचा पंप मिळाला आणि मी माणसांत आले. कॉलेज झालं, लग्न झालं. नवरा योगेश जळगावला एमआयडीसीत कामाला. सासूबाईंना सगळं गाव अक्का म्हणतं, मीही अक्काच म्हणते. लग्नाआधी दम्याचं सांगितलेलं होतं, लपवलेलं काही नव्हतं.

दुसऱ्या महिन्यात मी पंप बंद केला. कोणी सांगितलं म्हणून नाही, माझ्याच डोक्याने. पोटातल्याला त्रास होईल असं वाटलं. एवढी शिकलेली बाई, डॉक्टरला एक फोन करायचा की नाही? नाही केला. महिना-दोन महिने काही झालं नाही, तेव्हा मला वाटलं आपण शहाणे.

मग दिवाळीनंतर घरात कापूस आला.

आमच्याकडे वेचलेला कापूस लगेच विकत नाहीत. भाव वाढायची वाट बघत पुढच्या खोलीत भरून ठेवतात, पार छतापर्यंत. माणसं मागच्या खोलीत सरकतात. पाहुणे आले तर ओट्यावर बसतात. खाज सुटते, तुसं नाकात जातात, पण घरात कापूस असणं म्हणजे लक्ष्मी बसलेली, तिला कोण ऊठ म्हणणार? मीही म्हटलं नाही. स्वयंपाकघरात जायची वाट त्याच खोलीतून होती. दिवसातून चाळीस वेळा मी त्या कापसाला घासून जायचे.

चौथ्या महिन्यात एका दुपारी भाकरी थापता थापता मला श्वासच घेता येईना. परातीत पीठ तसंच राहिलं. योगेशने मोटरसायकलवर नाही, शेजारच्यांच्या गाडीतून जळगावला नेलं. तोंडाला वाफेचा मास्क लावला, सलाइन लावलं. डॉक्टर मॅडमनी स्पष्ट सांगितलं की पंपाने पोटातल्याला त्रास होत नाही, दम लागल्याने मात्र होतो. पंप परत सुरू करा. मी मान हलवली.

कापूस त्याच आठवड्यात विकला. अक्कांनीच विकायला लावला, भावाचा एक शब्द न काढता. हे सांगायला हवं, कारण पुढे त्यांचं वेगळंही सांगायचं आहे.

पुडी

दोन दिवसांनी बोदवडहून आबा आले. पॅसेंजरने जळगाव, तिथून रिक्षाने असोदा. पिशवीत पेरू आणि पेरूंच्या खाली वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या चौदा पुड्या.

सातपुड्याच्या पलीकडे एका गावात एक बाबा औषध देतो. आबा त्याच्याकडून स्वतःच्या गुडघ्यांसाठी पुडी आणायचे, हे मला माहीत होतं. दोन वर्षं झाली असतील असा माझा अंदाज. त्यांचे गुडघे खरंच बरे झाले होते. तोंडही भरलं होतं, गाल वर आले होते, बोदवडला सगळे म्हणायचे आबांची तब्येत सुधारली. तीच पुडी दम्यालाही चालते म्हणे. पंप म्हणजे आयुष्याची सवय, पुडी म्हणजे मुळावर घाव. तीन महिने घ्यायची, सकाळी, कोमट पाण्यातून.

पथ्य तीन. वांगं नाही, दही नाही, आणि कोणाला सांगायचं नाही. आमच्याकडे गावठी औषधाचं हे असतंच. सांगितलं की गुण जातो. आबा ओट्यावर बसून हळू म्हणाले, "डॉक्टरले त मुळीच सांगू नको, माय. तुह्या पोटातल्याचा श्वास बी तुह्याच श्वासावर शे."

हे शेवटचं वाक्य मला लागलं. जळगाव जिल्ह्यात राहून हिवाळ्यात वांग्याचं भरीत सोडायचं म्हणजे केवढं पथ्य, पण मी सोडलं. न बोलणं त्या मानाने सोपं होतं.

पुड्या मी केंद्राच्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या, अंगठ्याच्या मशीनच्या मागे. सकाळी नऊला शटर वर केलं की आधी पुडी, मग कॉम्प्युटर. आणि काय सांगू, चौथ्या दिवशी छाती मोकळी झाली. मी जिना चढले, झाडू मारला, शिट्टीचा आवाज नाही. भूक अशी लागायची की दोन भाकरींवर मी तिसरी मागायचे. आबा दर पंधरा दिवसांनी आठ तास प्रवास करून पुड्या आणायचे आणि माझ्याकडे बघून खूश व्हायचे. पंप कपाटात पडून होता. डॉक्टर मॅडमना मी सांगायचे, घेतेय. त्या छाती तपासून म्हणायच्या, छान. बाळंतपणासाठी नाव नोंदवताना पहिला फॉर्म भरला तोही याच दिवसांत. इतर औषधे, नाही.

माझं तोंड गोल झालं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, गरोदरपणाचं तेज आलं. मी आरशात बघायचे तेव्हा आबांचे गाल दिसायचे. दिसायचे आणि मी केस विंचरून बाजूला व्हायचे.

साखर

सहाव्या महिन्यात ग्लुकोजचं पाणी पाजून तपासणी करतात. दोन तास बाकावर बसवतात. रिपोर्ट आला तेव्हा मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. साखर नुसती वाढलेली नव्हती, बरीच वाढलेली होती. डायबेटिस.

निदानाचा दिवस म्हणतात तो हा. लोक लिहितात की पायाखालची जमीन सरकली. माझं तसलं काही झालं नाही. मी विचारलं, "जेवायच्या आधी आले होते, आता जेवू का?" योगेश माझ्याकडे बघतच राहिला. मला आत काहीच होत नव्हतं. दात काढताना सुई देतात आणि नंतर ओठ आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं आणि ते पुढचे कित्येक महिने तसंच राहिलं.

फॉर्म परत भरून घेतला, आता दुसऱ्या फाइलसाठी. इतर औषधे? नाही. पेन थांबलं का? थांबलं, एवढं कबूल करते.

घरी अक्कांनी कंबर कसली. गुळाचा डबा त्यांच्या खोलीत गेला. केळीचे घड सोप्यातून उठून शेतातल्या खोलीवर गेले. आमच्या घरात केळं मिळेना, ही असोद्यात बातमी व्हावी अशी गोष्ट. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मेथी, मठाचं वरण, जेवून झालं की अंगणात शंभर फेऱ्या, आणि त्या स्वतः माझ्या मागे मागे. गुडघे दुखत असताना. साखर तरी खाली येईना. मॅडमनी इन्सुलिन सुरू केलं. दिवसातून तीनदा पोटावर सुई आणि सात वेळा बोट टोचणं. टोचून टोचून माझ्या बोटांची अशी चाळण झाली की केंद्राचं मशीन मलाच ओळखेना. मी बोट ठेवायचे, ते लाल दिवा दाखवायचं. गिऱ्हाईक हसायचे, मीही हसायचे.

इन्सुलिन वाढवलं, तरी आकडा तिथेच. मग घरात तो प्रश्न आला, आल्याशिवाय कसा राहील?

एक दिवस मी केंद्रातून आत आले तर योगेश माझी पर्स तपासत होता. चॉकलेटचा कागद शोधत होता. मला बघून त्याने पर्स ठेवली आणि उगाच घड्याळ बघितलं. अक्का चुलीपाशी होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मी भाकरी मोजून देते, भाजी मोजून देते. मग तू चोरून काय खाऊन राह्यली, वैशाली? पोटातल्याची तरी दया येऊ दे."

मी म्हटलं, काही नाही. त्या म्हणाल्या, "खाई त्याला खवखवे."

तेव्हाच सांगायचं होतं. ड्रॉवर पंधरा पावलांवर होता. पण सांगितलं की गुण जाणार, दम परत येणार. आणि आबांना या घरात काय तोंड राहील, हेही होतं. व्याही म्हणून ते दर पंधरा दिवसांनी येऊन ओट्यावर चहा पितात आणि लेकीला चोरून औषध देतात, हे मी कुठल्या तोंडाने सांगू? त्यापेक्षा चोरून खाणारी ठरणं मला परवडलं. मी ताट घेतलं आणि जेवले.

पुडीमुळे साखर वाढत असेल, असं वाटलं नव्हतं का? लोक मला हे विचारतात. खरं सांगते, वाटलं होतं. एकदा दिवाबत्तीच्या वेळी अचानक वाटलं होतं आणि मी उठून कुकर लावला.

वॉर्ड

सातव्या महिन्यात मॅडम म्हणाल्या, असं चालणार नाही. सोनोग्राफीत बाळाचं पोट जास्त मोठं दिसत होतं आणि भोवती पाणी वाढलेलं. जळगावला ॲडमिट केलं. तिसरा फॉर्म. इतर औषधे, नाही. पर्समध्ये दोन पुड्या होत्या, त्या दोन दिवस बाथरूममध्ये जाऊन घेतल्या. आबांना यायला चार दिवस होते.

दवाखान्याचा दिवस एकसारखा असतो. सहाला बोट, सातला सुई, आठला उपमा, दहाला मॅडमचा राउंड, परत बोट. पोटाला पट्टा बांधून बाळाचे ठोके ऐकवतात, पळत्या घोड्यासारखे. शेजारच्या खाटेवरची शिरपूरकडची बाई ते ऐकून रडायची. मी मोजायचे. एक सिस्टर होती, ती टोचायच्या आधी माझं बोट आपल्या मुठीत धरून ऊब द्यायची, म्हणजे रक्त लवकर येतं. कामाचाच भाग होता तिच्या. मला ते दिवसातलं सगळ्यात बरं वाटायचं.

पुड्या संपल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी मला उठवेना. पोटात ढवळायला लागलं, उलट्या झाल्या. हातपाय गळून गेले. छातीत जुनी शिट्टी सुरू झाली. सिस्टरने बोट टोचलं तर जी साखर महिनाभर हलत नव्हती ती बावन्नवर आलेली. तिने परत टोचलं. तेवढीच. बीपी लागेना. साखरेचं सलाइन लावलं, मास्क लावला, पोटाला पट्टा बांधला. ठोके मंद होते. मी मोजायला गेले आणि मला मोजता आले नाहीत.

नेमके त्याच वेळी आबा आले. हातात डबा, डब्यात पुड्या असणार. अक्का खाटेच्या पायथ्याशी माझे तळपाय चोळत होत्या. योगेश खाली औषधं आणायला गेला होता.

मॅडम वाकून म्हणाल्या, "वैशाली, साखर अशी आपोआप पडत नाही. इथे आल्यावर तुमचं काय बंद झालं? नीट आठवून सांगा, दोन जीवांचा प्रश्न आहे."

मी आबांकडे बघितलं. ते भिंतीला टेकून उभे होते, लहानपणी बसायचे तसे. त्यांनी मान हलवली. अगदी थोडी. नाही.

त्यांच्या डोळ्यांत दरडावणं नव्हतं. नुसती भीती होती. त्यांना खरंच वाटत होतं की मी बोलले तर माझा श्वास जाईल.

मी मास्क बाजूला केला. "मॅडम, मी पुडी घेते. दम्याची. साडेतीन महिने झाले. तीन दिवसांपासून नाही घेतली."

तळपाय चोळणारे हात थांबले.

मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी पहिल्यांदा सिस्टरला एक इंजेक्शन भरायला सांगितलं, मग आबांच्या हातातून डबा घेतला. एक पुडी उघडून बघितली, परत बांधली. आत नेमकं काय आहे ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, म्हणाल्या. पण जी पुडी गुडघ्यालाही चालते आणि दम्यालाही, आणि चार दिवसांत गुण देते, तिच्यात बहुतेक स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्याने श्वास मोकळा होतो, भूक लागते, तोंड सुजतं आणि साखर चढते. आणि एकदम बंद केलं तर माणूस असं कोसळतं. साखर किती पुडीची आणि किती तुमच्या अंगची, तेही आज सांगता येणार नाही, कदाचित थोडी आलीच असती. आता तेच औषध त्या मोजून देणार होत्या आणि हळूहळू कमी करणार होत्या. पंप आजपासून, त्यांच्यासमोर.

अर्ध्या तासाने ठोके परत पळायला लागले. मी डोळे उघडून बघितलं तर आबा नव्हते. मोकळा डबा खिडकीत होता.

अक्का उठल्या. तो डबा धुऊन आणला, पदराने पुसला, आणि ठेवताना माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "मी तुले चोट्टी समजली, माय."

मला वाटलं होतं की हे ऐकल्यावर तरी मला रडू येईल. नाही आलं. मी म्हटलं, असू द्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून एक छोटं केळं आणलं, मॅडमना दाखवून, अर्धं कापून मला दिलं. अर्धं स्वतः खाल्लं.

पेटी

आबा त्यानंतर आले नाहीत. फोन केला की दोन शब्द बोलायचे आणि रेंज नाही म्हणायचे. सुरतेहून आईचा फोन आला, की ते म्हणतात, पोरीने सांगून टाकलं, आता गुण गेला. ओटी भरायलाही ते आले नाहीत. बायकांचाच कार्यक्रम, पण जावयाला भेटायच्या निमित्ताने बाप येतोच.

मे महिन्यात, जळगाव तव्यासारखं तापलेलं असताना, सिझेरियन झालं. मुलगी. पावणेचार किलो. तोंडाजवळ आणून दाखवली. ऐकायला वाईट वाटेल, पण लिहिते, कारण कोणा दुसरीचं असं झालं तर तिने स्वतःला दोष देऊ नये. मला काहीच वाटलं नाही. मी म्हटलं, "बरं." नंतर मॅडमना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, असं होतं, लपवू नका, त्याच्यावरही इलाज आहे. लपवू नका म्हणताना त्या जरा हसल्या.

जन्मल्यावर मुलीची साखर पडली. आईची साखर चढलेली असली की बाळाचं असं होतं म्हणे. चार दिवस काचेच्या पेटीत. दर काही तासांनी तिची टाच टोचायचे. माझं मला काही वाटलं नव्हतं, पण त्या टाचेवरचे ठिपके बघितले आणि माझीच बोटं मी मुठीत मिटून घेतली.

तिसऱ्या दिवशी आबा आले म्हणे. मी खाटेवर होते, मला कळलं नाही. काचेबाहेर अर्धा तास उभे राहिले आणि न भेटता गेले. योगेशने सांगितलं की त्यांनी एकच विचारलं, "पोरीचा श्वास बरा शे ना?"

बोट

पाचव्या दिवसापासून माझं इन्सुलिन बंद झालं. दीड महिन्याने परत ग्लुकोजचं पाणी प्यायले, साखर जागेवर होती. दरवर्षी तपासायची, एवढंच. पंप सकाळ-संध्याकाळ चालू आहे. मुलगी दूध पिते, ओरडते, श्वास मोकळा आहे. रात्रंदिवस मी तिच्या छातीला कान लावत नाही, असं म्हणणार नाही.

मग एका रविवारी दुपारी आबा दारात उभे राहिले. पिशवीत फक्त झबलं आणि टोपरं. अक्कांनी त्यांना काही ऐकवलं नाही. त्या पाणी घेऊन आल्या. आबा तांब्याभर पाणी प्यायले. परत मागितलं. तासाभरात तिसरा तांब्या झाला आणि दोनदा ते मागच्या दारी जाऊन आले. चप्पल काढलेल्या पायाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. महिना झाला भरत नाही, म्हणाले. गाल तसेच गोल.

नातीला मांडीवर घेतलं होतं. मी आत जाऊन माझं साखरेचं मशीन आणलं. पट्ट्या थोड्या उरल्या होत्या.

"आबा, बोट द्या."

केंद्रात रोज म्हणते तसंच म्हटलं. त्यांनी मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग मुलीच्या खालून हात सोडवून बोट पुढे केलं. ते गार होतं. मी माझ्या मुठीत धरून आधी ऊब दिली.

तीनशे अठ्ठ्याऐंशी.

त्यांनी विचारलं, जास्त आहे का. मी म्हटलं, आहे. मग विचारलं, पुडी बंद केली का? ते मुलीच्या टोपऱ्याची नाडी बांधत राहिले, बांधून झाली तरी. मी म्हटलं, आजही एकदम बंद करायची नाही, उद्या डॉक्टरकडे जाऊ, ते सांगतील तशी. भांडायचं मला सुचलं नाही. भांडण माझ्याच अंगाशी आलं असतं, कारण लपवायला मी काही कमी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जळगावला गेलो. मुलगी अक्कांकडे. खिडकीतल्या मुलीने फॉर्म दिला. आबांना चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून मी भरायला घेतला. नाव, वय, गाव बोदवड. खालून तिसरी ओळ आली आणि मी विचारलं, "इतर औषधे?"

आबांनी दाराकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं. सगळ्या बाकांवर मिळून दोन म्हातारी माणसं बसली होती आणि पंखा फिरत होता. मी पेन धरून थांबले. घाई केली नाही. हे पथ्य मोडायला किती वेळ लागतो, मला माहीत होतं.

"लिव्ह, माय," आबा म्हणाले. "पुडी. नऊ वर्सं."

नऊ. मी दोन समजत होते. नऊ वर्षं ते एकटे त्या गावाला जात होते आणि बरे झाले म्हणून खूश होते, आणि आपल्याला लागू पडलं तेच उचलून त्यांनी लेकीला आणून दिलं होतं.

मी लिहिलं. खाली सही घेतली. फॉर्म खिडकीत सरकवला आणि तिथेच, कठड्याला धरून, मला रडू आलं. साखर निघाली त्या दिवसानंतर पहिल्यांदा. आबा घाबरले. त्यांना वाटलं दम लागला. त्यांनी मला बाकावर बसवलं, स्वतः भिंतीला टेकून बसले, आणि माझी पाठ ओढून छातीला लावली.